जी-पॉवर आणि डॅगिटी: दोन फुकट अवजारं आणि हमखास चुकणारा क्रम

प्रबंधाच्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात 'जी-पॉवरच्या साहाय्याने १२८ चा नमुना निश्चित केला' हे वाक्य आता इतकं रुळलंय की वाचताना नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते. १२८ कुठून आले असं विचारलं तर उत्तर येतं, "मध्यम परिणाम धरला." मध्यमच का? "सगळे तोच धरतात." आकडा बरोबर असतो, गणितही चोख असतं. पण ज्या अभ्यासासाठी तो काढला त्या अभ्यासाशी त्याचं नातं बहुधा नसतं.

म्हणून इथे दोन अवजारांचं परीक्षण एकत्र करतोय. पहिलं जी-पॉवर. किती माणसं लागतील हे ते सांगतं. दुसरं डॅगिटी. कोणते चल (म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या, मोजायच्या गोष्टी) नियंत्रित करायचे, म्हणजे हिशेबात कायम धरायचे, आणि कोणत्यांना हात लावायचा नाही हे ते सांगतं. दोन्ही फुकट आहेत. पहिलं प्रायोगिक संशोधनवाल्यांचं आणि दुसरं निरीक्षणात्मकवाल्यांचं, अशी वाटणी लोकांनी करून टाकली आहे. ती वाटणी चुकीची आहे, आणि बऱ्याच अभ्यासांचं नुकसान तिथूनच सुरू होतं.

जी-पॉवर

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या हाइनरिख हाइने विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. पहिलं रूप १९९० च्या दशकातलं. आज सगळे वापरतात ती ३.१ ची मालिका, तिचे संदर्भलेख २००७ आणि २००९ चे. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालतं. दिसायला जुनाट आहे, पण त्यामुळे काही अडत नाही.

खिडकी एकच. वर तीन याद्या: चाचण्यांचं कुटुंब (टी, एफ, काय-वर्ग, झेड, एक्झॅक्ट), त्यातली नेमकी चाचणी, आणि विश्लेषणाचा प्रकार. खाली डावीकडे आपण भरायचं, उजवीकडे उत्तर येतं. 'डिटरमाइन' हे बटण दाबलं की बाजूला एक कप्पा सरकून उघडतो. त्यात दोन्ही गटांच्या सरासऱ्या आणि प्रमाण विचलनं टाकली की इफेक्ट साइझ, म्हणजे परिणाम केवढा मोठा त्याचं माप, काढून मिळतो. या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात कामाचा भाग हाच, आणि सगळ्यात कमी उघडला जाणाराही हाच.

दोन स्वतंत्र गटांच्या सरासऱ्यांची तुलना घ्या. टी कुटुंबातली ती चाचणी निवडली की रकाने आधीच भरलेले दिसतात: वन-टेल (फरक एकाच दिशेने शोधायचा; टू-टेल म्हणजे दोन्ही दिशांनी), डी ०.५ (सरासऱ्यांतला फरक भागिले प्रमाण विचलन, हाच इथला इफेक्ट साइझ), अल्फा ०.०५ (नसलेला फरक 'आहे' म्हटला जाण्याची शक्यता), पॉवर ०.९५ (फरक खरा असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता). तसंच 'कॅल्क्युलेट' दाबलं तर एकूण १७६ माणसं. टू-टेल केलं तर २१०. पॉवर ०.८० वर आणली तर १२८, म्हणजे गटात ६४. प्रश्न तोच, इफेक्ट तोच, आणि तीन वेगळे आकडे. नुसतं 'जी-पॉवरनुसार १७६' लिहिणाऱ्याने बहुधा भरलेले रकाने तसेच सोडलेले असतात. परीक्षकाने विचारायचा पहिला प्रश्न हाच: चाचणी वन-टेल होती का, आणि होती तर मग विश्लेषण टू-टेल का केलंत?

आता पॉवर ०.८० आणि टू-टेल कायम ठेवून फक्त डी बदलून पाहा. ०.८ ला ५२ माणसं, ०.५ ला १२८, ०.२ ला ७८८. नमुना इफेक्टच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, त्यामुळे इफेक्ट अडीच पट लहान धरला की माणसं सहा पटींहून जास्त लागतात. सगळा खेळ या एका रकान्याचा आहे, आणि नेमका तोच रकाना लोक डोळे मिटून भरतात. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा हे टप्पे संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचे. दुसरा कुठलाच आधार हाताशी नसेल तेव्हाच ते वापरावेत, असं त्यांनी स्वतः बजावलं होतं. जी-पॉवरमध्ये रकान्यावर माउस नेला की हेच टप्पे समोर येतात. सोय चांगली आहे, पण तिने विचार करण्याची गरजच काढून टाकली.

आधार शोधायचा कसा? विषयाच्या एककात बोलायचं. समजा १०० गुणांची चाचणी आहे, प्रमाण विचलन १५ गुण आहे, आणि नवी अध्यापन पद्धत वापरण्याची दगदग वसूल व्हायला निदान ३ गुणांची वाढ हवी असं शिक्षकांचं मत आहे. मग डी ३ भागिले १५, म्हणजे ०.२. लागणारी माणसं ७८८. एवढी मिळत नसतील तर या प्रश्नासाठी हा आराखडा पुरत नाही, इतकं निदान काम सुरू करण्याआधी कळतं. 'मध्यम' धरून १२८ वर थांबणारा माणूस ७.५ गुणांची वाढ गृहीत धरत असतो, फक्त ते त्याला माहीत नसतं.

पायलट, म्हणजे छोट्या पूर्वतयारीच्या, अभ्यासातून डी उचलायची पद्धतही तितकीच धोक्याची. गटात दहा-दहा माणसांचा पायलट केला आणि डी ०.५ आला, तर त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरं मूल्य ज्या पट्ट्यात असावं तो पट्टा) साधारण उणे ०.४ ते अधिक १.४ एवढा पसरलेला असतो. या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. प्रश्नावली समजते का, वेळ पुरतो का, किती जण मध्येच सोडतात आणि प्रमाण विचलन साधारण केवढं आहे, एवढंच पायलटला विचारावं.

इथे ३८४ या आकड्याबद्दल बोलायलाच हवं. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा नमुन्याच्या आकाराचा १९७० चा तक्ता, किंवा यामाने यांचं सूत्र, सामाजिक शास्त्रांत मंत्रासारखं वापरलं जातं. ३८४ हा आकडा एकाच कामाचा आहे: मोठ्या समष्टीतलं एखादं प्रमाण, ९५ टक्के विश्वासाने, ५ टक्क्यांच्या चुकीत, साध्या यादृच्छिक नमुन्यातून अंदाजायचं असेल तर. दोन गटांची तुलना, सहसंबंध, प्रतिगमन यांच्याशी त्याचा संबंध नाही. तरी ३८४ माणसं गोळा केलीच असतील तर जी-पॉवरमध्ये विश्लेषणाचा प्रकार 'सेन्सिटिव्हिटी' ठेवा आणि गटात १९२ भरा. ०.८० पॉवरने पकडता येणारा सर्वांत लहान डी साधारण ०.२९ येतो. प्रबंधात लिहायचं वाक्य हे.

नमुना आधीच ठरलेला असेल, म्हणजे एकच वर्ग, एकच संस्था, हाती असलेला जुना डेटा, तर सेन्सिटिव्हिटी हाच प्रामाणिक पर्याय. एकूण ४० माणसं असतील तर ०.९१ पेक्षा लहान डी तुम्हाला भरवशाने दिसणार नाही. त्यामुळे 'फरक आढळला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा काढता येत नाही. याउलट 'पोस्ट हॉक' हा प्रकार विश्लेषण झाल्यावर, मिळालेलाच इफेक्ट भरून वापरणं ही शुद्ध फेरफटका मारून घरी येण्याची तऱ्हा. अशी काढलेली पॉवर म्हणजे पी-मूल्याचंच (फरक मुळात नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) दुसरं रूप. पी नेमका ०.०५ असेल तर ती साधारण ५० टक्के येणार हे न मोजताही सांगता येतं. 'निष्कर्ष सार्थ नाही कारण पॉवर कमी होती' हे वाक्य म्हणूनच काहीच सांगत नाही.

आता खरोखर चुकणाऱ्या जागा.

पुनरावृत्त मापनाचा अनोवा (सरासऱ्यांची तुलना करणारं विचरण-विश्लेषण), म्हणजे पूर्व-चाचणी आणि उत्तर-चाचणीसारखी एकाच माणसाची अनेक मापनं. इथे इफेक्ट साइझचा अर्थ काय घ्यायचा हे खालच्या 'ऑप्शन्स' बटणात दडलेलं असतं. मूळ निवड जी-पॉवर ३.० पद्धतीची असते आणि ती मापनांमधला सहसंबंध वेगळा विचारते; रकान्यात ०.५ आधीच भरलेलं असतं. पण एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरने दिलेल्या आंशिक ईटा-वर्गात (हाही एक इफेक्ट साइझच) तो सहसंबंध आधीच मुरलेला असतो. जुन्या लेखातला आंशिक ईटा-वर्ग ०.०६ उचलला, त्याचा एफ (जी-पॉवर अनोवासाठी मागतं ते माप) ०.२५ झाला आणि तो मूळ निवडीतच भरला, तर दोन मापनांच्या एका गटासाठी उत्तर येतं ३४. 'अ‍ॅज इन एसपीएसएस' निवडलं तर तोच आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. सहसंबंध दोनदा मोजला गेल्यामुळे नमुना जवळपास चौपटीने कमी पडतो. एवढी महत्त्वाची निवड एका छोट्या बटणाआड ठेवणं हा या सॉफ्टवेअरच्या मांडणीतला सगळ्यात मोठा दोष, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिगमनात, म्हणजे अनेक चलांवरून एका चलाचा अंदाज बांधताना, दुसरी गल्लत होते. तिथे एफ-वर्ग भरायचा असतो आणि अनोवात साधा एफ. मध्यम एफ ०.२५, तर मध्यम एफ-वर्ग ०.१५, एकाचा आकडा दुसऱ्यात भरला तरी सॉफ्टवेअर मुकाट्याने उत्तर देतं. शिवाय 'आर-वर्ग शून्यापेक्षा वेगळा' ही चाचणी पूर्ण प्रतिमानाची आहे (आर-वर्ग म्हणजे फलातल्या चढउतारांपैकी सगळ्या चलांनी मिळून समजावलेला वाटा). पाच चल आणि एफ-वर्ग ०.१५ धरून तिथे ९२ येतात. पण तुमची परिकल्पना एका विशिष्ट चलाबद्दल असेल तर 'आर-वर्गातली वाढ' ही चाचणी घ्यायची आणि त्या एकट्या चलाचा वाटा भरायचा. तो ०.०२ असेल तर सुमारे ३९५ माणसं लागतात. ९२ माणसांत पूर्ण प्रतिमान सार्थ येतं, हवा असलेला गुणांक येत नाही, आणि मग दोष प्रश्नावलीला दिला जातो.

आंतरक्रिया, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून असणं. दोन बाय दोनच्या आराखड्यात एफ ०.२५, अंशाची स्वातंत्र्य-मात्रा १, गट ४ भरले की पुन्हा १२८ येतात, आणि लोक खूश होतात. पण आंतरक्रियेचा एफ ०.२५ म्हणजे काय चित्र? एका परिस्थितीत उपचाराने डी अधिक ०.५ आणि दुसरीत उणे ०.५, म्हणजे परिणाम चक्क उलटा. असं क्वचितच कुणी मांडतं. नेहमीची परिकल्पना असते की एका परिस्थितीत परिणाम आहे, दुसरीत नाही. मग आंतरक्रियेचा एफ ०.१२५ होतो आणि एकूण माणसं सुमारे ५०५ लागतात. 'दुसरीत परिणाम निम्मा' अशी परिकल्पना असेल तर एफ ०.०६२५ आणि माणसं सुमारे २०००. १२८ च्या सोळा पट. अपेक्षित सरासऱ्यांचा चार घरांचा तक्ता कागदावर मांडल्याशिवाय हा रकाना भरूच नये. आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेतलं सुपरपॉवर हे पॅकेज सरासऱ्याच मागून घेतं, म्हणून अशा आराखड्यांना ते जास्त सुरक्षित.

आणि समूह. शैक्षणिक प्रयोगांत यादृच्छिक विभागणी बहुतेक वेळा वर्गांची किंवा शाळांची होते, मुलांची नाही. जी-पॉवरला हे समजतच नाही. ते प्रत्येक माणसाला सुटं धरतं. इथे हाताने गुणाकार करावा लागतो: वर्गातल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, वर्गांतर्गत सहसंबंधाने (एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी किती त्याचं माप) गुणा, त्यात एक मिळवा. वर्गात ३० मुलं आणि सहसंबंध ०.१५ असेल तर २९ गुणिले ०.१५ अधिक १, म्हणजे ५.३५. १२८ चे झाले ६८५ मुलं, म्हणजे २३ वर्ग. दोन्ही बाजूंना सारखे हवेत म्हणून २४. शिवाय स्वातंत्र्य-मात्रा आता वर्गांवरून मोजायच्या असल्याने दोन्ही बाजूंना एखादा वर्ग जादा घ्यावा. एका वर्गात मुलं वाढवून फारसा उपयोग होत नाही, वर्ग वाढवावे लागतात. आणि एक वर्ग प्रायोगिक, एक वर्ग नियंत्रण हा जो लाडका आराखडा आहे, त्यात मुलं ६४-६४ असली तरी तुलनेची एककं प्रत्येक बाजूला एकच. शिक्षकाचा फरक आणि पद्धतीचा फरक वेगळे काढण्याचा कुठलाही मार्ग त्यात उरत नाही. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

गळतीचा हिशेबही बऱ्याच जणांचा चुकतो. २० टक्के गळती धरायची तर १२८ मध्ये २० टक्के मिळवायचे नाहीत. १२८ ला ०.८ ने भागायचं. १५४ नव्हेत, १६० माणसं. प्रायोगिक गटातल्या ८० टक्के लोकांनीच उपचार प्रत्यक्ष घेतला तर इफेक्ट ०.५ चा ०.४ होतो आणि नमुना २०० लागतो. हे दोन्ही एकाच वेळी घडणार असेल तर २०० ला ०.८ ने भागा, २५० होतात. उलट दिलासा पूर्व-चाचणीत आहे: तिचा उत्तर-चाचणीशी सहसंबंध ०.७ असेल आणि विश्लेषणात ती सहचल म्हणून घेतली तर विचरण ५१ टक्क्यांवर येतं आणि १२८ ऐवजी ६६-६७ माणसांत भागतं. जी-पॉवरची अ‍ॅनकोव्हा (सहचल धरून केलेला अनोवा) हे आपोआप करत नाही. एफ ०.२५ ला एक वजा सहसंबंधाच्या वर्गाच्या वर्गमुळाने भागून, इथे ०.३५ करून, आपणच भरावा लागतो. फक्त सहचलांची संख्या टाकून ०.२५ तसाच ठेवला तर पूर्व-चाचणी घेण्याची सगळी मेहनत हिशेबातून गळते.

एवढं करूनही जी-पॉवर फक्त योगायोगाच्या चुकीबद्दल बोलतं. निरीक्षणात्मक अभ्यासात खरी भीती पूर्वग्रहाची, म्हणजे निकाल एकाच बाजूला झुकण्याची, असते, आणि ती नमुना वाढवून कमी होत नाही. तुलना मुळात चुकीची असेल तर हजाराच्या जागी दहा हजार माणसं घेतल्याने चुकीच्या आकड्याभोवतीचा विश्वास-अंतराल तेवढा अरुंद होतो.

डॅगिटी

योहानेस टेक्स्टर यांनी बनवलेलं हे अवजार थेट ब्राउझरमध्ये उघडतं, काही बसवावं लागत नाही. २०११ पासून चालू आहे. त्याच नावाचं आर पॅकेजही आहे. काम एवढंच: चल आणि बाण काढायचे, कारण कोणतं आणि फल कोणतं ते नेमायचं, आणि कार्यकारण परिणाम काढायला किमान कोणते चल नियंत्रित करावे लागतील ते उजव्या बाजूला वाचायचं. खाली त्या आकृतीची लेखी संहिता आपोआप तयार होते. ती जपून ठेवली की आकृती केव्हाही पुन्हा उभी करता येते.

उदाहरण घेऊ. खासगी शिकवणीने गुण वाढतात का? चल: शिकवणी, अंतिम गुण, पालकांचं शिक्षण, आधीचे गुण, अभ्यासाचे तास. बाण: पालकांच्या शिक्षणापासून शिकवणीकडे आणि आधीच्या गुणांकडे, आधीच्या गुणांपासून शिकवणीकडे आणि अंतिम गुणांकडे, शिकवणीपासून अभ्यासाच्या तासांकडे आणि अंतिम गुणांकडे, तासांपासून अंतिम गुणांकडे. डॅगिटी सांगतं: आधीचे गुण नियंत्रित केले की पुरे. आता पालकांच्या शिक्षणापासून अंतिम गुणांकडे एक थेट बाण काढा. उत्तर लगेच बदलतं: आधीचे गुण आणि पालकांचं शिक्षण, दोन्ही हवेत.

या एका बाणात डॅगिटीची सगळी शिकवण आहे. नवशिक्याला वाटतं बाण काढणं म्हणजे दावा करणं. खरा ठाम दावा बाण न काढण्यात असतो: पालकांचं शिक्षण आधीच्या गुणांवाटे आणि शिकवणीवाटेच काम करतं, दुसऱ्या कुठल्याही वाटेने नाही. असं बोलायची तयारी आहे का? नसेल तर बाण काढा.

अभ्यासाचे तास 'अ‍ॅडजस्टेड' म्हणून खुणावून पाहा. एकूण परिणामाच्या हिशेबात डॅगिटी तक्रार करतं, कारण शिकवणीचा काही परिणाम तासांवाटेच जातो. तास कायम धरले की तो भाग आपणच कापून टाकतो. 'सगळे उपलब्ध चल प्रतिगमनात घाला' ही सवय इथे उघडी पडते. त्याहून वाईट सापळा म्हणजे शिष्यवृत्तीच्या यादीतल्याच मुलांवर अभ्यास करणं. शिकवणीकडून आणि अंतिम गुणांकडून, दोन्ही बाजूंनी बाण त्या यादीकडे येतात, आणि यादीपुरता नमुना मर्यादित केला की नसलेला संबंध तयार होतो किंवा असलेला झाकला जातो. प्रश्नावली परत पाठवणाऱ्यांचाच नमुना हाही याच जातीचा. 'प्रतिसाद' नावाचा चल काढा, त्याच्याकडे बाण न्या, तो नियंत्रित म्हणून खुणवा. आपला नमुना किती बिघडलाय हे चित्रातच दिसतं.

मग जिद्द. मोजलेली नाही, पण शिकवणीकडे, आधीच्या गुणांकडे आणि अंतिम गुणांकडेही तिचे बाण जातात. तिला 'अनऑब्झर्व्हड' म्हणून खुणावलं की डॅगिटी सरळ सांगतं, नियंत्रणाने हा परिणाम काढता येणार नाही. बरेच जण इथे जिद्द पुसून टाकतात. तसं करू नये. दुसरी वाट शोधावी. 'शिकवणीच्या जागेपासून घराचं अंतर' हा चल काढा, बाण फक्त शिकवणीकडे. डॅगिटीची साधन-चलांची (फक्त कारणावाटेच फलापर्यंत पोचणाऱ्या चलांची) यादी आता अंतर सुचवते. पण शिकलेले पालक मुद्दाम जवळ राहायला येत असतील तर पालकांच्या शिक्षणापासून अंतराकडेही बाण हवा, आणि मग अंतर साधन म्हणून चालतं ते पालकांचं शिक्षण नियंत्रित केल्यावरच. आकृती बदलली की उत्तर बदलतं आणि का बदललं ते समोर दिसतं. प्रतिगमनाच्या तक्त्यात हे कधीच दिसत नाही.

डॅगिटीचं सगळ्यात दुर्लक्षित वैशिष्ट्य म्हणजे तपासता येणारे निष्कर्ष. वरच्या पहिल्या आकृतीतून ते सांगतं की शिकवणी सारखी असलेल्या मुलांत पालकांचं शिक्षण आणि अभ्यासाचे तास यांचा संबंध उरू नये. हे डेटात पाहता येतं. ब्राउझरमधलं डॅगिटी डेटा घेत नाही. त्यासाठी आर पॅकेजमधलं लोकलटेस्ट्स हे फंक्शन वापरावं लागतं. संबंध उरला, आणि या उदाहरणात तो उरण्याचीच शक्यता जास्त, तर पालकांच्या शिक्षणापासून तासांकडे बाण हवा होता, आणि मग नियंत्रणाच्या यादीत पालकांचं शिक्षण परत येतं. मात्र उलट बाजूने फसू नका: सगळ्या कसोट्या पार झाल्या म्हणून आकृती खरी ठरत नाही. वेगवेगळ्या आकृत्या तेच निष्कर्ष देऊ शकतात, आणि न मोजलेल्या चलांबद्दलच्या कित्येक गोष्टी डेटात तपासताच येत नाहीत.

उणिवाही आहेत. परिणाम एका गटात जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल तर या आकृतीत ते दाखवायला जागा नाही. परस्परांवर फिरून येणारे बाण, म्हणजे गुण वाढले म्हणून उत्साह आणि उत्साह वाढला म्हणून गुण, असं चक्र चालत नाही. प्रत्येक वेळेचा चल वेगळा काढावा लागतो. मापनातली चूक आपणहून विचारात घेतली जात नाही. आणि पूर्वग्रह आहे की नाही एवढंच ते सांगतं, केवढा आहे ते नाही. त्यासाठी ई-मूल्य पाहावं: सापेक्ष जोखीम (दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर) २ आली असेल तर ई-मूल्य ३.४१. म्हणजे न मोजलेल्या एखाद्या चलाने हा सगळा परिणाम पुसायचा झाला तर त्याचा कारणाशी आणि फलाशी, दोन्हींशी, निदान ३.४१ पटीचा संबंध असायला हवा. वीस-पंचवीस चल झाले की पडद्यावर बाणांचं जाळं होतं. त्यापेक्षा संहितेच्या चौकटीत टाइप करणं सोपं पडतं. रंगांचा अर्थ बाजूच्या सूचीत दिलेला आहे, तो एकदा नीट वाचून घ्यावा.

निकालातल्या सगळ्या गुणांकांना परिणाम म्हणायची सवयही डॅगिटी मोडू शकतं. शिकवणीच्या परिणामासाठी घातलेल्या पालकांच्या शिक्षणाचा गुणांक म्हणजे पालकांच्या शिक्षणाचा एकूण परिणाम नाही. त्याच्या वाटा आधीच्या गुणांनी आणि शिकवणीने अडवलेल्या असतात. आकृतीत कारण म्हणून पालकांचं शिक्षण नेमून पाहिलं तर नियंत्रणाची वेगळी यादी येते. एका तक्त्यातून पाच परिकल्पना सिद्ध करणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

कोणी कोणतं, आणि कधी

वर म्हटलेली वाटणी इथे मोडते. प्रयोग करणाऱ्याला डॅगिटी लागतं, कारण यादृच्छिक विभागणी फक्त 'कोणत्या गटात टाकलं' या चलाचं रक्षण करते. उपचार प्रत्यक्ष कोणी घेतला, कोण मध्येच गळलं, कोणाचं उत्तर-मापन मिळालं, हे सगळं विभागणीनंतरचं, आणि त्यात निरीक्षणात्मक अभ्यासातले सगळे सापळे पुन्हा हजर होतात. ज्यांनी उपचार पूर्ण केला त्यांचीच तुलना केली की प्रयोग हातातून गेला. निरीक्षणात्मक अभ्यास करणाऱ्याला जी-पॉवर लागतं, पण आकृती झाल्यावर. कारण किती चल प्रतिमानात राहणार हे आकृतीतून ठरतं, आणि तो आकडा जी-पॉवरचा एक रकाना आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी डॅगिटीत आकृती, दोन-तीन जाणकारांना दाखवून प्रत्येक गैरहजर बाणावर वाद घालून. मग नियंत्रणाची यादी. मग विषयाच्या एककात, वसूल होण्याइतका सर्वांत लहान फरक. मग जी-पॉवर, 'डिटरमाइन'चा कप्पा उघडून. मग समूह आणि गळतीचा हिशेब हाताने. आकृतीला साधारण अर्धा दिवस जातो, जी-पॉवरला अर्धा तास. आराखड्यात वेळेची वाटणी याच्या बरोबर उलटी दिसली तर समजावं की नमुन्याचा आकडा आधी ठरला होता आणि बाकीचं त्याच्याभोवती रचलं गेलं.

बहुस्तरीय प्रतिमानं, वर्ग आणि शाळा असे दोन थर, किंवा अनेक वेळची मापनं असतील तर जी-पॉवरकडे जाऊच नये. आरमध्ये सिमआर किंवा डिक्लेअरडिझाइनने नकली डेटा हजार वेळा तयार करून विश्लेषण चालवून पाहावं. शिकायला वेळ लागतो, पण त्यात गृहीतकं लपवता येत नाहीत.

शेवटी नोंदी. जी-पॉवरमध्ये निकालाशेजारी प्रोटोकॉलचा टॅब असतो. प्रत्येक गणनेची तारीख, चाचणी, भरलेले आणि मिळालेले आकडे तिथे साठतात. तो मजकूर जसाच्या तसा परिशिष्टात चिकटवावा, खिडकीचं छायाचित्र नको, कारण त्यात 'ऑप्शन्स'मधली निवड दिसत नाही. त्याखाली डॅगिटीची संहिता आणि गाळलेल्या प्रत्येक बाणामागचं एका ओळीचं कारण. हे तीन कागद माहिती गोळा करण्याच्या आधीच्या तारखेचे असावेत; नंतर काढलेली आकृती हाती आलेल्या निकालाकडे पाहूनच काढली जाते.